रोमचे केंद्र : इक्रोम आणि प्रतिबंधक जतनाच्या विचाराची जडणघडण

युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेचे नववे अधिवेशन १९५६च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नवी दिल्लीत भरले होते, आणि सांस्कृतिक ठेव्याचे जतन व पुनःस्थापन यांचा अभ्यास करणारे एक आंतरराष्ट्रीय केंद्र काढण्याचा निर्णय याच अधिवेशनात झाला. हे केंद्र पुढे ‘इक्रोम’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाऊ लागले. पहिली सुमारे वीस वर्षे मात्र त्याला सगळीकडे ‘रोमचे केंद्र’ असेच म्हटले जाई. इटलीच्या सरकारने एप्रिल १९५७ मध्ये युनेस्कोशी करार करून केंद्राला रोममध्ये जागा देऊ केली. ऑस्ट्रिया, डोमिनिकन प्रजासत्ताक, स्पेन, मोरोक्को आणि पोलंड या पाच राष्ट्रांनी सदस्यत्व स्वीकारल्यावर १० मे १९५८ रोजी केंद्राची घटना अमलात आली, आणि १९५९ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख हॅरल्ड प्लेंडरलीथ यांनी पहिले संचालक म्हणून कारभार हाती घेतला. भारत १९६१ मध्ये या संस्थेचा सदस्य झाला. रोमची निवड केवळ इटलीच्या औदार्यामुळे झाली नव्हती. चेझारे ब्रांदी यांच्या नेतृत्वाखाली १९३९ पासून त्याच शहरात पुनःस्थापनाची मध्यवर्ती राष्ट्रीय संस्था काम करीत होती, आणि नव्या केंद्राला स्वतःची मोठी प्रयोगशाळा न उभारताही तिच्या कारागिरांचे व शास्त्रज्ञांचे साहाय्य मिळणार होते.

केंद्राच्या घटनेत चार कामे सांगितली होती : जतनाविषयीची शास्त्रीय व तांत्रिक माहिती गोळा करून ती सदस्यांना पुरवणे, संशोधनाला चालना देणे, मागेल त्याला सल्ला देणे आणि तज्ज्ञ व तंत्रज्ञ यांच्या प्रशिक्षणाला हातभार लावणे. आज ज्या विचारासाठी ही संस्था विशेषत्वाने ओळखली जाते, त्या प्रतिबंधक जतनाचा तीत स्वतंत्र उल्लेख नव्हता. वस्तू बिघडल्यावर तिच्यावर उपचार करणे, म्हणजे तुटलेले सांधणे, गंज उतरवणे, सुटलेला रंगलेप पुन्हा चिकटवणे, ही जतनाची एक रीत झाली. वस्तूला हात न लावता तिच्या भोवतीची हवा, ओल, प्रकाश, धूळ, कीड आणि माणसांचा वावर यांची अशी व्यवस्था लावणे की बिघाड सुरूच होऊ नये किंवा त्याचा वेग मंदावा, ही दुसरी रीत. या दुसऱ्या रीतीला प्रतिबंधक जतन म्हणतात. मृगाच्या आधी घराची कौले शाकारून घेणाऱ्या कोकणातील माणसाला हा विचार नव्याने समजावून सांगावा लागत नाही. तो शास्त्र म्हणून बांधून घ्यायला आणि संस्थांच्या अंदाजपत्रकात त्याला जागा मिळवून द्यायला मात्र विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली, आणि इक्रोमचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्याच खटपटीचा इतिहास आहे.

प्लेंडरलीथ यांच्या पूर्वानुभवात या विचाराचे बीज होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश म्युझियममधील निवडक वस्तू बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी लंडनच्या भुयारी बोगद्यांत हलवल्या होत्या. १९१९ मध्ये त्या परत आणल्या तेव्हा लोखंडाला गंज चढलेला, दगडावर व मातीच्या भांड्यांवर क्षार फुटलेले आणि कागदावर बुरशी धरलेली आढळली. शत्रूच्या बॉम्बने जे केले नव्हते ते बोगद्यातील ओलीने केले. या नुकसानीची कारणे शोधण्यासाठी अलेक्झांडर स्कॉट या रसायनशास्त्रज्ञाला पाचारण करण्यात आले, त्यातून १९२० मध्ये संग्रहालयाची प्रयोगशाळा निघाली आणि १९२४ मध्ये प्लेंडरलीथ तिच्यात दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात ही चूक टाळली गेली. विल्टशरमधील वेस्टवूड येथील दगडाच्या जुन्या खाणीत हवेची आर्द्रता राखणारी यंत्रणा बसवूनच वस्तू ठेवण्यात आल्या, आणि नॅशनल गॅलरीची चित्रे वेल्समधील मॅनॉडच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत स्थिर हवामानात राहिल्याने त्यांचे पोपडे सुटण्याचे प्रमाण लंडनमधील नेहमीच्या दालनांतल्यापेक्षाही कमी झाले. म्हणजे कुशल हातांपेक्षा स्थिर हवा अधिक उपकारक ठरू शकते, हे युद्धानेच दाखवून दिले.

म्हणूनच केंद्राच्या अगदी पहिल्या उपक्रमांत संग्रहालयांतील हवामानाची पाहणी होती. प्लेंडरलीथ आणि त्यांचे साहाय्यक संचालक पॉल फिलिपो यांनी तिचे निष्कर्ष १९६० मध्ये युनेस्कोच्या ‘म्युझियम’ या नियतकालिकात मांडले. या चर्चेच्या केंद्रस्थानी सापेक्ष आर्द्रता ही कल्पना आहे : विशिष्ट तापमानाला हवा जास्तीत जास्त जितकी वाफ सामावून घेऊ शकते, तिच्या तुलनेत प्रत्यक्षात किती वाफ हवेत आहे याचे ते शेकडा प्रमाण होय. लाकूड, हस्तिदंत, कागद, कापड, चामडे या सेंद्रिय वस्तू हवेतील ओल घेतात व सोडतात, आणि त्यासोबत फुगतात व आकसतात. हा चढउतार वेगाने झाला की लाकूड तडकते आणि त्यावरील रंगाचा थर उचलला जातो. आर्द्रता दीर्घकाळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पोषक स्थिती तयार होते. उलट, उत्खननातून आलेल्या तांब्या-कांशाच्या वस्तूत क्लोराइडे अडकलेली असतील, तर अशा वस्तूला ४० टक्क्यांहून कमी आर्द्रतेची कोरडी पेटी लागते. नाहीतर तिच्या अंगावर फिकट हिरवी भुकटी फुटू लागते आणि धातू आतून पोखरला जातो. एकाच दालनातील दोन वस्तूंच्या गरजा अशा परस्परविरोधी असू शकतात, आणि संग्रहालयाच्या माणसाने ‘हवा चांगली आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये असा आग्रह रोमच्या अभ्यासक्रमांत धरला गेला तो यामुळेच.

या अभ्यासक्रमांतून जगभर पसरलेले उपकरण म्हणजे तापमान-आर्द्रता लेखक. त्यात माणसाच्या केसांची एक जुडी ताणून बसवलेली असते. हवेत ओल वाढली की केस लांबतात, कमी झाली की आखडतात, आणि ही सूक्ष्म हालचाल तरफेमार्फत एका लेखणीपर्यंत पोचून आठवड्यात एक फेरा घेणाऱ्या पिंपावरील कागदावर वक्ररेषा उमटते. केस जुने झाले की उपकरण खोटे सांगू लागते. ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे, काही वेळाने लेखणी ९५ टक्क्यांच्या आसपास आली की नाही ते पाहावे आणि नसल्यास स्क्रू फिरवून ती तेथे आणावी, ही साधी रीत शिकवण्यावर रोमच्या शिक्षकांचा भर असे, कारण अनेक संग्रहालयांत असे यंत्र दिमाखाने चालू असते, पण ते तपासलेले नसते आणि त्याचे कागद कोणी वाचलेले नसतात. वाचणाऱ्याला मात्र त्या रेषेतून बरेच कळते : पाणी टाकून फरशी पुसली जाते तो दिवस, शाळेच्या सहलींची गर्दी झाली ती दुपार, रात्री वीज वाचवण्यासाठी वातानुकूलन बंद केले जाते ती वेळ. हा शेवटचा प्रकार विशेष घातक होय, कारण दिवसा थंड व कोरडी आणि रात्री दमट अशी हवा वस्तूला रोज एकदा ताणते व सोडते. त्यापेक्षा वातानुकूलन मुळीच नसणे पुष्कळदा बरे.

येथे या इतिहासातील एक उणी बाजूही नोंदवली पाहिजे. पन्नास-पंचावन्न टक्के आर्द्रता आणि वीस अंशांच्या आसपास तापमान हे माप, तसेच कागद, वस्त्रे व जलरंगचित्रांसाठी ५० लक्स आणि तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स ही प्रकाशाची मर्यादा, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅरी टॉमसन यांच्या ग्रंथामुळे जगभर रूढ झाली. (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक.) प्रकाशाची मर्यादा कोठेही लागू पडते, कारण रंग उडण्याची क्रिया देश पाहत नाही, हवामानाचे माप मात्र युरोपातील इमारतींच्या अनुभवातून आलेले होते, आणि आषाढात महिनाभर ऐंशी टक्क्यांच्या खाली न उतरणाऱ्या किनारपट्टीवर ते राखायचे म्हटले तर संग्रहालयाचे वार्षिक अनुदान विजेच्या बिलात संपावे. टॉमसन स्वतः या आकड्यांबाबत पुष्कळ सावध होते. त्यांचे वाचक तितके सावध राहिले नाहीत. उष्ण प्रदेशांचा प्रश्न वेगळा आहे, ही जाणीव देणाऱ्या घटनांत फेब्रुवारी १९७२ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या आशिया-पॅसिफिक परिसंवादाचे स्थान महत्त्वाचे आहे. तेथील निबंधांचे संपादन ओ. पी. अगरवाल यांनी केले, आणि १९७६ मध्ये लखनौ येथे निघालेल्या राष्ट्रीय जतन संशोधन प्रयोगशाळेचे संस्थापक संचालकही तेच होते. वाळवी, कसर, बुरशी आणि पावसाळा यांना जतनशास्त्राच्या परिशिष्टातून मूळ मजकुरात आणण्याचे श्रेय या पिढीकडे जाते.

दरम्यान मोठ्या आपत्तींनी केंद्राला वेगळ्याच दिशेला ओढले होते. आस्वानच्या धरणाखाली जाणाऱ्या नुबियातील मंदिरांसाठी युनेस्कोने १९६० मध्ये मोहीम उघडली आणि ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुराने फ्लॉरेन्सची ग्रंथालये व चित्रसंग्रह चिखलात बुडवले; दोन्ही प्रसंगी रोमच्या केंद्राने सल्ला व समन्वय यांचे काम केले. याच दशकात रोम विद्यापीठाच्या सहकार्याने वास्तुजतनाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९६८ मध्ये पाओलो व लाउरा मोरा या दांपत्याच्या मार्गदर्शनाखाली भित्तिचित्रांचा. हे सर्व काम उपचाराच्या बाजूचे होते, आणि त्यातून केंद्राची प्रतिष्ठा वाढली हे खरे.

प्रतिबंधाच्या विचाराला संस्थेत स्वतंत्र घर मिळाले ते गाएल द गिशां या फ्रेंच अभियंत्यामुळे. रोमला येण्यापूर्वी त्यांनी फ्रान्समधील लास्को येथील प्रागैतिहासिक चित्रगुहेत काम केले होते, आणि त्या गुहेची कहाणी हा या शास्त्राचा पहिला धडा मानावा लागेल. गुहेचा शोध १९४० मध्ये लागला, १९४८ मध्ये ती लोकांसाठी उघडण्यात आली आणि १९५५च्या सुमारास तेथे दिवसाला हजारावर माणसे येऊ लागली. प्रत्येक माणूस ऊब, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड सोडत होता, दिव्यांचा उजेड त्यात भर घालत होता. काही वर्षांत भिंतींवर हिरवे शेवाळ धरले आणि चुनखडीचा पांढरा पापुद्रा जमू लागला. हजारो वर्षे टिकलेली चित्रे पंधरा वर्षांच्या कौतुकाने धोक्यात आल्यावर १९६३ मध्ये फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या मंत्रालयाने गुहा बंद केली. शेवाळ औषधांनी आटोक्यात आणता आले. पण गुहेचा मूळचा समतोल परत आणता आला नाही, आणि २००१ मध्ये, हवा नियंत्रित करणारी नवी यंत्रणा बसवल्यानंतर, तेथे पांढऱ्या बुरशीने पुन्हा डोके वर काढले. प्रतिबंधाची साधनेही अविचाराने बसवली तर उपद्रवी ठरू शकतात, याची आठवण लास्को आजही करून देते.

मराठी वाचकाला येथे अजिंठा आठवल्यावाचून राहणार नाही, आणि हा संबंध केवळ साम्याचा नाही. निजामाच्या सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाला साहाय्यकासह अजिंठ्यास आणून भित्तिचित्रांची डागडुजी करून घेतली. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी जागच्या जागी बसवला, ही मोठीच कामगिरी होती. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळा-तपकिरी पडला, त्याखाली काजळी व धूळ अडकली, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांची पुढील अनेक दशके तो थर उतरवण्यात गेली. त्या काळी उपलब्ध असलेला उत्तम उपाय उत्तम हातांनी केला गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे उपचाराच्या मर्यादा अधिकच स्पष्ट होतात. अलीकडच्या काळात अजिंठ्यास जे झाले ते मात्र पूर्णपणे प्रतिबंधक स्वरूपाचे आहे : वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या फाट्यावर थांबवणे, महत्त्वाच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडणे, उष्णता न देणारे मंद दिवे लावणे. छायाचित्रात दाखवावे असे यात काही नाही.

द गिशां यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यापासून संग्रहालयांतील हवामान, प्रकाश व सुरक्षितता यांवर जे अभ्यासक्रम चालवले, त्यांत रसायनशास्त्रज्ञांबरोबर संग्रहपाल आणि वास्तुविशारदही असत, आणि हाच त्यांचा खरा वेगळेपणा होता. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या असलेले छोटे पत्र दालनात लावून ठेवायचे, त्याचा अर्धा भाग झाकायचा आणि काही महिन्यांनी उघड्या भागाचा रंग किती उडाला ते दाखवायचे, असे प्रमाण संग्रहालयाच्या विश्वस्तांनाही कळते. त्यासाठी रसायनशास्त्र यावे लागत नाही.

पुरातत्त्वीय स्थळांच्या बाबतीत केंद्राची भूमिका अधिक सावकाश घडली. जमिनीत गाडलेली वस्तू शेकडो वर्षांत भोवतालच्या मातीशी एक प्रकारचा समतोल साधून असते, आणि उत्खनन म्हणजे तो समतोल एका दुपारीत मोडणे होय : ओले लाकूड सुकताना वेडेवाकडे आकसते, लोखंड उघड्या हवेत झपाट्याने गंजते, आणि मातीच्या भिंतीचा उघडा पडलेला छेद पहिल्याच पावसात ढासळतो. भिंतींना क्षारांचा लोणा लागण्याची यंत्रणा केंद्राचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्जो तोर्राका यांनी सच्छिद्र बांधकाम-द्रव्यांवरील आपल्या १९८१च्या पुस्तकात विशद केली. जमिनीतील पाणी क्षार विरघळवून भिंतीत चढते, पृष्ठभागाशी ते सुकले की क्षारांचे स्फटिक दगड-विटांच्या सूक्ष्म छिद्रांत वाढतात आणि आतून दाब देऊन पृष्ठभागाचा भुगा करतात. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला तर ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, ती शेजारच्या मऊ दगडातून वाट काढते आणि जुना दगड आधी जातो. आपल्याकडील किती मंदिरे व किल्ले या ‘मजबुती’ने अशक्त झाले, याचा हिशोब मांडला तर तो सुखद असणार नाही.

मोझेइक फरशांचा अनुभव असाच बोलका आहे. भूमध्यसागरी देशांत उत्खननात सापडलेल्या रंगीत खड्यांच्या फरशा उचलून लोखंडी सळयांच्या काँक्रीटवर बसवण्याची पद्धत दीर्घकाळ होती; सळया गंजून फुगल्या आणि काँक्रीटसकट मोझेइकही फुटले. रोममध्ये १९७७ साली भरलेल्या परिषदेतून या विषयाची आंतरराष्ट्रीय समिती निर्माण झाली आणि फरशी जागेवरच ठेवून तिची नियमित निगा राखण्याकडे, प्रसंगी ती पुन्हा मातीखाली झाकण्याकडे, हळूहळू कल वळला. निकोलस स्टॅन्ली-प्राइस यांनी संपादित केलेला उत्खननस्थळीच्या जतनावरील ग्रंथ १९८४ मध्ये निघाला, आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे ‘उत्खननकाळातील प्रतिबंधक उपाय व स्थळसंरक्षण’ हाच विषय घेऊन परिषद भरली. तात्पुरती छपरे, पाण्याचा निचरा, झाडाझुडपांची मुळे, खंदक पुन्हा भरताना मूळ थर ओळखता यावा म्हणून मध्ये घालायचे पाणी झिरपू देणारे कापड, अशा बाबी या चर्चांमुळे पुरातत्त्वज्ञांच्या विचारात आल्या. तरीही उत्खननाच्या परवानगीबरोबर जतनाच्या खर्चाची तरतूद बंधनकारक असावी ही साधी अपेक्षा बहुतेक देशांत अपुरीच राहिली आहे. खणणाऱ्याचे नाव होते, बुजवणाऱ्याचे होत नाही.

आफ्रिकेतील संग्रहालयांसाठी आखलेला ‘प्रेमा’ हा कार्यक्रम इक्रोमच्या इतिहासातील बहुधा सर्वांत दूरगामी उपक्रम होय. सहाराच्या दक्षिणेकडील देशांतून माणसे रोमला आणायची, शिकवून परत पाठवायची आणि ती परतल्यावर त्यांच्या हाती ना अधिकार ना साधने असायची, हा जुना अनुभव होता. म्हणून १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या कार्यक्रमात प्रतिबंधक जतन हाच गाभा ठेवून, प्रशिक्षितांमधूनच पुढचे प्रशिक्षक तयार करण्यावर आणि संग्रहालयांच्या संचालकांनाही चर्चेत ओढण्यावर भर दिला गेला, आणि इ.स. २००० पर्यंत काम संपवून ते आफ्रिकी संस्थांच्या स्वाधीन करायचे असे आधीच ठरले होते. त्याप्रमाणे बेनिनमधील पोर्तो-नोव्हो आणि केनियातील मोम्बासा येथे अनुक्रमे फ्रेंच व इंग्रजी भाषक देशांसाठी दोन संस्था उभ्या राहिल्या. आपले काम वेळेत संपवणारी आंतरराष्ट्रीय संस्था विरळा. इक्रोमने एवढ्या बाबतीत तरी तो मान मिळवला.

सप्टेंबर २००० मध्ये फिनलंडमधील व्हान्ता येथे युरोपीय देशांच्या प्रतिनिधींनी प्रतिबंधक जतनाचे धोरण आखण्यासाठी बैठक घेतली, आणि त्यानंतरच्या काळात कॅनडातील जतनसंस्थेच्या सहकार्याने जोखमीच्या मोजमापाची पद्धत पुढे आली. आग, पाणी, चोरी, कीड, प्रकाश, दूषित हवा, चुकीचे तापमान, चुकीची आर्द्रता, धक्के-हाताळणी आणि वस्तूची माहिती हरवणे अशा दहा कारणांपैकी आपल्या संग्रहाला कशाचा धोका किती, याची तुलना करून मगच पैसा कोठे घालायचा हे ठरवावे, असे ही पद्धत सांगते. तिच्या तक्त्यांत काही वेळा प्रत्यक्षाहून अधिक नेमकेपणाचा आभास असतो. तरी गळक्या छपराखाली बसून महागड्या वातानुकूलनाचे प्रस्ताव लिहिणाऱ्या संग्रहालयांना ती भानावर आणते, हा तिचा उपयोग मोठा आहे.

याच क्रमातील पुढचा टप्पा भांडारांचा. संग्रहालयांचा बहुतेक संग्रह दालनांत नसून भांडारांत असतो, आणि इक्रोम व युनेस्को यांनी २०११ मध्ये १३६ देशांतील सुमारे दीड हजार संग्रहालयांकडून मागवलेल्या माहितीवरून जगातील साठवलेल्या संग्रहांपैकी ६० टक्के धोक्यात असल्याचा अंदाज निघाला. त्यावर उपाय म्हणून ‘री-ऑर्ग’ ही पद्धत तयार करण्यात आली. ती मुद्दाम दहा हजारांपर्यंत वस्तू असलेल्या आणि फारसा पैसा नसलेल्या संग्रहालयांसाठी आहे. तिच्या कसोट्या कोणालाही लावून पाहता येतील अशा आहेत. भांडारात एकही वस्तू थेट जमिनीवर ठेवलेली नसावी. नोंदवहीतील कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडावी. एक वस्तू काढण्यासाठी दोनांहून अधिक वस्तू हलवाव्या लागू नयेत. कामाची सुरुवात भांडारातील संग्रहाबाह्य सामान, म्हणजे मोडक्या खुर्च्या, जुने फलक, रिकामी खोकी आणि मागल्या प्रदर्शनाचे लाकूड, बाहेर काढण्यापासून होते, आणि अनेक ठिकाणी एवढ्यानेच नव्या कपाटांची मागणी निम्म्यावर येते.